एकाच वेळी दोन लयी : जंगल आणि ड्रम अँड बेस कुठून आलं

तू लिहिलं आहेस की ड्रम अँड बेस हे इंग्लंडमधल्या क्लबांचं संगीत पहिल्यांदा मोबाइलवर ऐकलंस आणि दोन मिनिटांत बंद केलंस. तबला शिकतेस, त्यामुळे द्रुत लय तुला परकी नाही. पण इथे विलंबितातून चढत जाणं नाही, पहिल्या सेकंदापासून नुसती पळापळ, मिनिटाला १७४ ठोके. हे इतकं वेगात का, आलं कुठून, आणि काही जण त्यालाच जंगल का म्हणतात, असे तुझे तीन प्रश्न. मी गेली वीस वर्षं हे संगीत वाजवतो आणि बनवतो, त्यातली सहा वर्षं लंडनमध्ये काढली. तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे असं मला वाटतं, आणि ते तुझ्या मोबाइलच्या स्पीकरपाशीच सापडतं.

त्या स्पीकरमधून तू अर्धंच संगीत ऐकलंस. या संगीतातला बेस, म्हणजे सगळ्यांत खालचे खोल सूर, ४० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो आणि मोबाइलचा चिमुकला स्पीकर तिथवर पोचतच नाही. तुझ्या कानावर पडले ते फक्त ड्रम. ते १७४ने धावतात हे खरं, पण त्यांच्या खालून बेस चालतो तो ८७ने, म्हणजे आपण सावकाश चालताना पावलं पडतात त्या गतीने. तुझ्या भाषेत सांगायचं तर वर दुगुन आणि खाली बरोबरीची लय, दोन्ही एकदमच, शेवटपर्यंत. गणपतीत ढोल-ताशा पथकासमोर उभी राहिली असशील तर तुझ्या अंगाला हे आधीच ठाऊक आहे. ताशाची काडी किती पळते आणि ढोलाचा टोल किती अंतराने छातीत बसतो! पाय मात्र आपण ढोलावर टाकतो. इंग्लंडमधल्या क्लबातही लोक तसेच नाचतात, कोणी वरच्या लयीवर, बरेच जण खालच्या. या संगीतात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे काही घडलं ते या दोन लयींमधल्या जागेत घडलं. तेवढं धरून ठेव, म्हणजे पुढची नावं आणि सालं आपोआप जागेवर बसतील.

१९८८ साली इंग्लंडमध्ये ॲसिड हाउस या नाचायच्या संगीताची लाट आली. शिकागोचं हाउस, डेट्रॉइटचं टेक्नो, मिनिटाला १२०-१२५ ठोके आणि प्रत्येक ठोक्यावर किक, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा घुमारा. लंडनला वळसा घालणाऱ्या एम२५ महामार्गाच्या आजूबाजूला गोदामांत आणि शेतांत मुलं रात्रभर नाचायला हजारोंनी जमायची, त्यालाच रेव्ह म्हणत. पण त्याच लंडनमध्ये जमैकाहून आलेल्या कुटुंबांच्या वस्त्यांत साउंड सिस्टिमची परंपरा कितीतरी आधीपासून नांदत होती. कपाटाएवढे स्पीकर, जमैकाचं रेगे आणि त्यातलं गाणं काढून केलेलं डब, पोटात शिरणारा बेस, आणि हातात माइक घेऊन लोकांना खेळवणारा एमसी. त्या घरांतली दुसरी पिढी घरात रेगे, मित्रांबरोबर हिप-हॉप आणि शनिवारी रात्री रेव्ह अशा तीन तोंडांनी वाढत होती. ही तिन्ही संगीतं एकाच रेकॉर्डवर यायला कोणा पंडिताची गरज नव्हती.

लंडनच्या हॅकनी भागातल्या ‘शट अप अँड डान्स’ या जोडीने हिप-हॉपचे ड्रम रेव्हच्या वेगाने वाजवायला घेतले. त्यातलं गणित साधं आहे. मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ फेऱ्यांवर वाजवली की वेग ३५ टक्क्यांनी वाढतो. १०० ठोक्यांचं हिप-हॉप थेट १३५वर जातं आणि टेक्नोच्या शेजारी जाऊन बसतं. मग १९९१मध्ये लेनी डी आइस याची ‘वी आर आय. ई.’ आली. वर तुटकतुटक पळणारे ड्रम आणि खाली रेगेच्या घराण्यातली बेसलाइन. आज ऐकलीस तर कच्ची वाटेल, पण वर दुगुन आणि खाली ठाय हा संसार तिथे स्पष्ट मांडलेला दिसतो.

वेग चढत गेला तो डीजेच्या हातून. चेअरिंग क्रॉस स्टेशनच्या कमानींखाली ‘हेवन’ नावाचा क्लब आहे. तिथे दर गुरुवारी ‘रेज’ ही रात्र चाले आणि फाबिओ व ग्रूव्हरायडर हे दोघे वाजवत. टेक्निक्सच्या टर्नटेबलवर उजवीकडे एक उभी पट्टी असते, तिने वेग ८ टक्क्यांपर्यंत वाढवता किंवा कमी करता येतो. १३० ठोक्यांची रेकॉर्ड ती पट्टी शेवटपर्यंत ओढून वाजवली की १४० होते. लोक त्या वेगाने नाचले, निर्मात्याने आपली रेकॉर्ड क्लबात त्या वेगाने ऐकली, आणि पुढची बनवतानाच १४०ची बनवली. मग डीजेने तीही ओढली. असं करत १९९१ ते १९९४ या तीन-चार वर्षांत १३५चे १६०-१६५ झाले. प्रत्येक ठोक्यावर किक असती तर त्या वेगाला नाचताना धाप लागली असती. हॉलंडमध्ये रॉटरडॅमच्या गॅबर या शैलीने ती वाट धरली आणि तिची स्वतःची एक वेगळी झिंग आहे. इंग्लंडमध्ये मात्र किकचं ते सलग ठोकणं गळून पडलं आणि ड्रमची सगळी भिस्त एका जुन्या तुकड्यावर आली.

त्या तुकड्यापाशी मी जरा थांबणार आहे, कारण तू तालाची विद्यार्थिनी आहेस आणि तुला त्यात घर बांधून राहावंसं वाटेल.

१९६९ साली वॉशिंग्टनच्या ‘द विन्स्टन्स’ या बँडची एक रेकॉर्ड निघाली. पुढच्या बाजूच्या ‘कलर हिम फादर’ला ग्रॅमी मिळालं. मागच्या बाजूला ‘आमेन, ब्रदर’ नावाचं बिनशब्दांचं एक गाणं होतं. साधारण दीड मिनिटाच्या आसपास सगळे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन एकटा ड्रम वाजवतो. चार आवर्तनं, सुमारे सात सेकंद. बस. हाच तो ‘आमेन ब्रेक’. जगात सर्वांत जास्त वेळा उचलल्या गेलेल्या तुकड्यांत त्याची गणना होते.

प्रत्येक आवर्तनाची सोळा घरं कर. पहिल्या दोन आवर्तनांत किक पहिल्या आणि तिसऱ्या घरात, मग अकराव्या-बाराव्यात जोडीने. स्नेअरचे, म्हणजे काडीने वाजवायच्या कडक आवाजाच्या ड्रमचे, मोठे फटके पाचव्या आणि तेराव्या घरात. शिवाय आठव्या, दहाव्या आणि सोळाव्या घरात स्नेअरचे हलके फटके, नुसती काडी टेकवल्यासारखे, आणि वर राइड झांजेची सारखी सळसळ. आता गंमत बघ. तिसऱ्या आवर्तनात तेराव्या घरातला फटका येतच नाही, तो दोन घरं उशिरा, पंधराव्यात पडतो. चौथ्या आवर्तनाच्या समेवर किक नाही. सम रिकामी! पाय हवेत असतात आणि मग अकराव्या घरात मोठी झांज फुटते. सात सेकंदांत कोलमनने घर मांडलं, हलवलं आणि मोडलं. हा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवला तरी कंटाळा का येत नाही, याचं कारण त्या उशिरा आलेल्या एका फटक्यात आणि त्या रिकाम्या समेत आहे. तबल्यात एखादा कायदा, म्हणजे बोलांची बांधलेली रचना, पलट्यांसाठी, म्हणजे तेच बोल उलटसुलट फिरवण्यासाठी, जसा सुपीक असावा लागतो, तसा हा ब्रेक सुपीक आहे.

पलटे मात्र माणसाने हाताने वाजवले नाहीत, सॅम्पलरने, म्हणजे आवाजाचा तुकडा भरून घेऊन हवा तसा वाजवणाऱ्या यंत्राने, केले. अकाई कंपनीचे एस९५० आणि एस१००० हे त्या काळातले घोडे. एस१०००ची मूळ मेमरी २ मेगाबाइट, म्हणजे पूर्ण गुणवत्तेत एका वाहिनीवर जेमतेम २४ सेकंद आवाज. इतक्या जागेत ड्रम, बेस, गळा, सगळं बसवायचं. म्हणून मुलं रेकॉर्ड जास्त वेगाने फिरवून आवाज भरून घेत आणि आत गेल्यावर खाली उतरवत. जागा वाचे आणि आवाजाला एक खरखरीत पोत येई, जो आज लोक मुद्दाम पैसे मोजून विकत घेतात. ब्रेकचे काप करायचे, किक वेगळी, स्नेअर वेगळा, हलके फटके वेगळे, प्रत्येक काप कीबोर्डच्या एकेका पट्टीवर ठेवायचा आणि अटारी एसटी संगणकावर त्यांची नवी रांग लावायची. कोलमनने जे कधीच वाजवलं नाही ते त्याच्याच हाताच्या वजनाने वाजायला लागे. मी हे शिकलो ते संगणकाच्या पडद्यावर, पण एकदा एका जुन्या निर्मात्याच्या घरी एस९५०च्या दोन ओळींच्या पडद्याकडे बघत तो कापाची सुरुवात आकड्यांनी शोधताना पाहिला. आकडा बदल, ऐक, आकडा बदल, ऐक. एका स्नेअरला पाच-सहा मिनिटं. तरंगाचं चित्र समोर नव्हतं, होता तो कान. त्याचे काप माझ्यापेक्षा जिवंत का वाजतात ते त्या दुपारी कळलं.

रेकॉर्डचा वेग वाढवला की सूरही चढतो. मूळ आमेन १३७च्या आसपास आहे. तो १६५वर नेला की तीन अर्धस्वरांहून थोडा जास्त चढतो आणि स्नेअर घट्ट, टणक होतो. ताशाचं कातडं तापवून ओढल्यावर येतो तसा. १९९२ साली गोल्डी या तरुणाने ‘टर्मिनेटर’ या रेकॉर्डसाठी इव्हेंटाइड कंपनीचं एक यंत्र वापरून ड्रमचा वेग तोच ठेवला आणि सूर तेवढा वर-वर नेला. कानाला वाटतं वेग वाढतोय, पायांना कळतं की तो जिथल्या तिथे आहे. मी ही रेकॉर्ड घडल्यानंतर बारा वर्षांनी ऐकली आणि तरी पोटात गोळा आला.

गोल्डी मूळचा इंग्लंडच्या मध्य भागातला, भिंतींवर चित्रं काढणारा. केमिस्ट्री आणि स्टॉर्म या दोन स्त्री डीजेंनी त्याला ‘रेज’मध्ये नेलं. या दोघींचं नाव मी मुद्दाम घेतो, कारण इतिहास सांगताना पुरुषांचीच रांग लागते. १९९४मध्ये ‘मेटलहेड्झ’ हे रेकॉर्ड काढणारं लेबल उभं राहिलं त्यात दोघींचा सुरुवातीपासून हात होता. केमिस्ट्री १९९९मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेली. स्टॉर्म त्यानंतरही वाजवत राहिली.

आता खालची लय. वेग चढत असताना बेसने त्याच्यामागे धावायचं नाकारलं, आणि माझ्या मते या संगीताचा जन्म त्या नकारात आहे. साउंड सिस्टिमच्या मुलांना माहीत होतं की खोल सुराला उमलायला वेळ लागतो. ४० हर्ट्झच्या सुराची एक लाट पूर्ण व्हायला सेकंदाचा चाळिसावा भाग जातो. त्याला घाईने कापलं तर सूर उरत नाही, नुसता धक्का उरतो. म्हणून बेस अर्ध्या लयीत राहिला, लांब, घरंगळणारा. तो बनवायला फार काही लागत नसे. रोलँडच्या टीआर-८०८ या ड्रमच्या यंत्राची किक लांबवून सुरात लावायची, किंवा अकाईच्या सॅम्पलरमध्ये मुळातच असलेला साधा साइन सूर घ्यायचा. डग्ग्यावर मनगट सरकवून तू जी मींड काढतेस, त्याची बहीण शोभेल अशी घसरण त्यात असते.

१९९३मध्ये वाटा फुटल्या. आनंदी पियानो आणि चढ्या पट्टीतले गळे ठेवणारे एका बाजूला गेले, त्यांचं पुढे हॅपी हार्डकोर झालं. दुसऱ्या बाजूला अंधार आला, भयपटांतले आवाज आले आणि बेसने जागा व्यापली. ‘रिइन्फोर्स्ड’ हे ४हिरो या मंडळींचं लेबल या वळणाची प्रयोगशाळा होतं. त्यातून १९९४चा उन्हाळा उगवला, ज्याला लोक अजूनही जंगलचा उन्हाळा म्हणतात. रॅगा या जमैकन रेगेच्या नव्या प्रकारातले गळे, आमेनचे काप आणि खाली तो बेस. एम-बीट आणि जनरल लेव्ही यांचं ‘इन्क्रेडिबल’ ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिल्या दहांत गेलं. ‘जंगल’ या शब्दाच्या उगमाच्या अनेक कथा आहेत. त्यातली जमैकाकडे नेणारी मला पटते. किंग्स्टनमधल्या आर्नेट गार्डन्स वस्तीला लोक जंगल म्हणतात, तिथले ते ‘जंगलिस्ट’, आणि हा शब्द साउंड सिस्टिमच्या कॅसेटमधून लंडनला आला.

पण रेकॉर्डच्या दुकानापेक्षा हे संगीत दोन ठिकाणी जगत होतं. एक म्हणजे विनापरवाना रेडिओ. १९९१मध्ये सुरू झालेलं पूर्व लंडनचं ‘कूल एफएम’ त्यातलं सर्वांत मानाचं. उंच सरकारी इमारतींच्या गच्चीवर ॲन्टेना उभारायची, खाली कुठल्यातरी घरात टर्नटेबल मांडायचे, आणि सरकारी माणसांनी ॲन्टेना उचलून नेली की दुसरी लावायची. गाण्यांमध्ये श्रोत्यांचे निरोप, मित्रांना सलाम, आजच्या रात्रीच्या कार्यक्रमाचा पत्ता.

दुसरं ठिकाण म्हणजे डबप्लेट. नवं गाणं बनलं की टेप घेऊन उत्तर लंडनमधल्या ‘म्युझिक हाउस’सारख्या ठिकाणी जायचं आणि त्याची एकच प्रत कापून घ्यायची. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा मऊ लेप, त्यात सुई खोबण कोरत जाते आणि काळा दोरा सुटून येतो. मी माझी पहिली डबप्लेट दक्षिण लंडनमध्ये कापून घेतली तेव्हा ती हातात जड, थंड आणि औषधासारख्या उग्र वासाची होती. कापणारा म्हणाला, कडेला धर, बोट लागू देऊ नकोस. ती झिजते. काही डझन वेळा वाजवली की वरचे बारीक आवाज मरायला लागतात. त्यामुळे बाजारात यायच्या आधी कित्येक महिने ते गाणं फक्त चार-पाच डीजेंकडे असे, आणि ते ऐकायला त्या रात्री तिथे असावंच लागे. गर्दीला आवडलं तर ती आरडाओरडा करी, डीजे रेकॉर्ड हाताने मागे फिरवून पुन्हा पहिल्यापासून लावी. मैफलीत ‘वन्स मोअर’ येतो, इथे तो गाण्याच्या मध्येच येतो आणि मान दिला जातो.

आता तुझा तिसरा प्रश्न, जंगल आणि ड्रम अँड बेस. मुळात ‘ड्रम अँड बेस’ हा शब्द रेगेचाच, गाणं काढून ताल आणि बेस ठेवलेल्या रेकॉर्डना तो लावत. १९९५च्या सुमारास तो या संगीताचं नाव म्हणून रुळला. बदल संगीतातही झाला होता. गोल्डीच्या ‘टाइमलेस’ या संग्रहाचं पहिलंच गाणं २१ मिनिटांचं आहे, तंतुवाद्यांचे लांब सूर आणि डायॲन शार्लमेन हिचा गळा. एलटीजे ब्यूकेम याने आमेनवर जॅझचे मऊ स्वर पसरले. त्याच वर्षी ॲलेक्स रीसच्या ‘पल्प फिक्शन’मध्ये ड्रम अचानक साधे झाले. पहिल्या घरात किक, पाचव्यात स्नेअर, अकराव्यात किक, तेराव्यात स्नेअर. वर दिलेली आमेनची घरं पुन्हा बघ. हा त्याचाच सांगाडा आहे! मांस काढून घेतलं, हाडं ठेवली. आजच्या बहुतेक ड्रम अँड बेसचा ठेका हाच. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, कापाकापी करून आमेन बोलत असेल तर ते जंगल, सांगाडा चालत असेल आणि बोलायचं काम बेस करत असेल तर ते ड्रम अँड बेस. सीमारेषेवर भांडणं खूप आहेत, पण कानाला एवढं पुरतं.

नाव बदललं त्यामागे संगीताखेरीज आणखी एक गोष्ट होती. वर्तमानपत्रांनी जंगल म्हटलं की मारामाऱ्या आणि अमली पदार्थ असं चित्र रंगवलं होतं, आणि ते चित्र काळ्या मुलांचं होतं. नवं नाव क्लबांच्या मालकांना आणि मासिकांना सोयीचं पडलं. ज्यांनी हे संगीत उभं केलं त्यांतले बरेच जण दोन्ही नावं आपलीच मानतात, पण त्या काळात दारं कोणासाठी बंद झाली हे विसरू नये.

१९९७मध्ये ब्रिस्टलच्या रोनी साइझ आणि रेप्रेझेंट यांच्या ‘न्यू फॉर्म्स’ला वर्षातल्या सर्वोत्तम संग्रहाचं मर्क्युरी पारितोषिक मिळालं. त्यात उभा डबल बेस हाताने वाजवला आहे, ड्रमर प्रत्यक्ष आहे, आणि जे यंत्राने शिकवलं ते माणसं वाजवून दाखवतात. स्विस ड्रमर योयो मेयर याने पुढे हीच वाट धरली. त्याचं वादन तू जरूर बघ, कापलेल्या ब्रेकसारखे हलके फटके तो खऱ्या काठीने काढतो.

आणि तुझ्या घरचीही एक कडी या साखळीत आहे. लंडनच्या हॉक्स्टन चौकात ‘ब्लू नोट’ नावाचा क्लब होता. रविवारी तिथे मेटलहेड्झची रात्र, सोमवारी तल्विन सिंग यांची ‘अनोखा’. तल्विन तबलावादक, त्यांनी तबल्याचे बोल ब्रेकच्या जागी आणि डग्गा बेसच्या शेजारी नेऊन ठेवला. त्यांच्या ‘ओके’ला १९९९चं मर्क्युरी मिळालं. २०००मध्ये झाकीर हुसेन, त्रिलोक गुर्टू, कर्ष काळे, तल्विन सिंग आणि बेसवादक बिल लासवेल हे ‘तबला बीट सायन्स’ या नावाखाली एकत्र आले. शोभा गुर्टूंच्या घरात वाढलेल्या मुंबईच्या त्रिलोकजींना ही दुहेरी लय समजावून सांगायची कोणाला गरज पडली नसणार. मी पुण्यात बसून त्यांचा ‘ताला मॅट्रिक्स’ ऐकला आणि लंडनला जायचं ठरवलं, म्हणून तो माझ्यासाठी नुसता संग्रह नाही.

दरम्यान एड रश, ट्रेस आणि त्यांच्या सोबत्यांनी ड्रम अँड बेसमध्ये टेकस्टेप ही कठोर शैली आणली. बेस गुरगुरायला लागला. डेट्रॉइटच्या केव्हिन सॉन्डरसनने १९८८मध्ये ‘रीज’ या नावाने केलेल्या रेकॉर्डमधला किंचित बेसूर जोडलेल्या सुरांचा तो थरथरता बेस घेऊन त्यांनी त्याला धातूसारखं विकृत केलं. त्यातली ताकद मी मानतो. पण वरची लय कोरडी झाली, गळे गेले, आणि नाचायला येणाऱ्या बायका हळूहळू यूके गराज या दुसऱ्या शैलीच्या क्लबांकडे वळल्या, कारण तिथे गाणं होतं आणि वेगही १३०च्या आसपास होता. दोन लयींमधली जागा फक्त आक्रमकतेने भरली की काय होतं ते १९९८च्या आसपास दिसलं.

पुढचं भरभर सांगतो. २०००च्या सुमारास फाबिओने ‘लिक्विड’ हे नाव देऊन सोल आणि डिस्कोचा गोडवा परत आणला. साओ पाउलोच्या डीजे मार्कीने ब्राझीलची गिटार आणली आणि २००२मध्ये ‘एलके’ ब्रिटनच्या यादीत पहिल्या वीसांत गेलं. ऑस्ट्रेलियाच्या पेंड्युलमने रॉक आणलं, हॉलंडच्या नॉइझियाने बेसची शिल्पं घडवली. २०१२मध्ये डीजे फ्रेशच्या ‘हॉट राइट नाउ’ने या शैलीला ब्रिटनमध्ये पहिल्यांदा पहिला क्रमांक मिळवून दिला. मला त्या काळापेक्षा आताचा काळ जास्त आनंद देतो. निया आर्काइव्ह्ज ही तरुणी आमेन कापते आणि त्यावर स्वतःच्या मऊ आवाजात एकटेपणाची गाणी गाते. कृष्णवर्णीय संगीताचा सन्मान करणाऱ्या मोबो पारितोषिकांत इलेक्ट्रॉनिक संगीताला जागा नव्हती, तिने तसं जाहीर पत्र लिहून मागितली, आणि २०२२मध्ये तो विभाग आला तेव्हा पारितोषिक तिलाच मिळालं.

ग्रेगरी कोलमनला मात्र काहीच मिळालं नाही. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला आपला ब्रेक जगभर वाजतोय हे १९९६मध्ये कळलं, तोवर दाद मागायची कायदेशीर मुदत उलटून गेली होती. कोलमन २००६मध्ये गेला, तेव्हा त्याला राहायला घर नव्हतं. २०१५मध्ये ब्रिटिश डीजेंच्या पुढाकाराने लोकांनी वर्गणी काढली आणि २४,००० पौंड स्पेन्सरला दिले. मी आमेन वापरतो. प्रत्येक वेळी शिकवताना आधी कोलमनचं नाव फळ्यावर लिहितो, मूळ गाणं पूर्ण ऐकवतो, आणि मगच पहिला काप करू देतो. तूही तसंच करावंस असं मला मनापासून वाटतं.

आता ऐकायचं कसं. मोबाइल बाजूला ठेव. कानावर पूर्ण बसणारे हेडफोन घे किंवा कोणाकडे सबवूफर असेल तर तिकडे जा. आधी ‘आमेन, ब्रदर’ ऐक आणि ती सोळा घरं हाताने मोज. चौथ्या आवर्तनाची रिकामी सम सापडेपर्यंत पुढे जाऊ नकोस. मग ‘वी आर आय. ई.’, मग ‘टर्मिनेटर’, मग ‘टाइमलेस’ची पूर्ण २१ मिनिटं. त्या वेळी उजव्या हाताने मांडीवर ड्रमची लय धर आणि डाव्याने तिच्या निम्मी. पहिली पाच मिनिटं डावा हात उजव्याच्या मागे पळेल. पळू दे. नंतर उजवा हात थांबव, फक्त डावा चालू ठेव आणि ड्रमकडे लक्ष न देता बेस कुठून कुठे सरकतो ते ऐक. मग मला लिही, कितव्या मिनिटाला पळापळ थांबली.